जुन्या मेटाडोरचा शौक : फिजूलखर्ची की शहाणपण?

शौक हा शब्द आमच्या व्यापारी मंडळींत बदनाम आहे. अमक्याला शौक लागला असे कोणी म्हटले की ऐकणारा लगेच त्याच्याकडे आपली उधारी किती आहे ते आठवू लागतो. कबुतरे, पतंग, मैफली यांत दुकाने बुडाल्याचे किस्से प्रत्येक पेठेत सांगितले जातात आणि त्यांतले काही खरेही असतात. त्यामुळे सुताचे भाव, वीजदर आणि जीएसटी यांची चर्चा चालणाऱ्या या पानावर मी जुन्या मालवाहू गाडीच्या शौकाची वकिली करणार म्हटल्यावर काही बंधूंच्या कपाळावर आठ्या पडतील. पडू द्याव्यात.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या टेम्पोने आपला माल वाहून आपला धंदा उभा केला, तो थकला म्हणून वजनाच्या भावाने विकून टाकण्याची घाई करू नये. ज्याला परवडते आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याने तो ठेवावा, हळूहळू दुरुस्त करावा, अधूनमधून चालवावा आणि मनापासून त्याचा आनंद घ्यावा. यात व्यापाऱ्याची शोभा जात नाही. शिवाय आपल्याच मोहल्ल्यातल्या कारागिरांचे हुन्नर यातून जिवंत राहते. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, म्हणून हा लेख.

टेम्पो हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मूळचा एका कारखान्याचे नाव होता हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे विडाल अँड सोन ही कंपनी १९२० च्या दशकापासून टेम्पो नावाची छोटी मालवाहू वाहने बनवीत असे. तिच्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली. तिची तीन चाकांची हॅन्सिट गाडी आधी मुंबईत गोरेगावला आणि १९६४ पासून पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागली. पुढे एक चाक, मागे दोन आणि लांबट नाक. त्या नाकावरून लोकांनी तिला जे नाव ठेवले होते ते या साप्ताहिकात छापण्याजोगे नाही, वाचकांनी समजून घ्यावे. पुढे १९६९ मध्ये चार चाकांची मेटाडोर आली. जर्मनीत टेम्पो हे नाव केव्हाच मिटले. आपल्याकडच्या कंपनीनेही २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केले, आणि त्याच वर्षी टाटांचा छोटा हत्ती बाजारात उतरला. परंतु सोलापुरात आजही कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी दारात उभी राहिली की हमाल "टेम्पो आला" असेच म्हणतो. कंपनीने टाकलेला शब्द हमालाने सांभाळला.

मेटाडोरने सोलापूरच्या कापड धंद्यासाठी काय केले हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. आपला माल दोन स्वभावांचा आहे. चादर जड, टॉवेल फुगीर. अशोक चौकाकडच्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून माल उचलायचा, गाठी बांधून ट्रान्सपोर्टला टाकायच्या, बिल्टी घ्यायची, आणि हे सारे दिवसातून तीन-चार खेपांत उरकायचे. मोठा ट्रक पेठांच्या गल्लीत शिरत नाही आणि हातगाडीने दिवस मावळतो. मेटाडोर या दोहोंच्या मध्ये बसली. तिचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवते. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खालून नसल्याने हौदा जमिनीपासून बुटका ठेवता आला. गाठ उचलणाऱ्या माणसाच्या पाठीला वीतभर उंचीचा फरक काय असतो, ते हमालालाच विचारावे.

या सोयीची किंमतही होती. हौदा मागून भरला की पुढची चाके हलकी होतात, आणि चढावर ओढणारी चाके हलकी झाली की ती जागच्या जागी फिरू लागतात. पावसाळ्यात तुळजापूरच्या घाटात भरलेली मेटाडोर रुसल्याचे अनुभव जुन्या चालकांकडे भरपूर आहेत. म्हणून जाणता चालक जड गाठी केबिनच्या पाठीला चिकटवून लावी आणि टॉवेलचे फुगीर डाग मागे टाकी. हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. वडिलांच्या दुकानावर गाठी मोजताना मी हे पाहत पाहत शिकलो. आमच्या उर्दू शाळेत तोलाचा नियम पाठ करून घेतला होता, पण तो डोक्यात उतरला तो या हौद्यापाशी.

माझ्याकडची गाडी उघड्या हौद्याची पिकअप आहे. तिच्यात डेमलर-बेंझच्या परवान्याने आपल्याकडे बनलेले ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे २.४ लीटरचे डिझेल इंजिन आहे. मर्सिडीज २४० डी या मोटारीत हेच इंजिन बसवलेले असे आणि जर्मनीत त्या मोटारी टॅक्सी म्हणून चालत. म्हणजे जे इंजिन तिकडे साहेब लोकांना विमानतळावर सोडीत होते, ते इकडे सोलापुरी चादरी वाहत होते. दोघांनी आपापले काम इमानाने केले. आमची गाडी दुकानाच्या कामातून निघाली तेव्हा भंगारवाला काटा घेऊनच आला होता. मी ती गोदामाच्या मागच्या पत्र्याखाली लावली आणि चावी गल्ल्यात ठेवली. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्या जागेत चाळीस गाठी बसतील." हिशेब त्याचा बरोबर होता. मी त्याला सांगितले की चाळीस गाठींचे भाडे माझ्या खाती टाक.

आता हिशेबावर येतो, कारण या पानाचे वाचक हिशेबाशिवाय काही मान्य करीत नाहीत आणि करूही नये. गाडीसाठी मी वेगळी वही घातली आहे. दुकानाच्या पैशाचा तिच्याशी संबंध नाही. गेल्या वर्षी तिच्यात सुमारे ४६ हजार रुपये खर्ची पडले. त्यांत निम्म्याहून अधिक मजुरी, म्हणजे लेथवाला, पत्र्याचे काम करणारा, रेडिएटरला डाग देणारा, पंप-नोझलवाला आणि सीट शिवणारा यांच्या घरी गेलेला पैसा. उरलेले सुटे भाग, तेल, बॅटरी. एका वलीम्याच्या नुसत्या सजावटीवर आमच्याकडे याहून अधिक पैसा एका संध्याकाळी उडतो आणि सकाळी त्याची फुले झाडूवाला गोळा करतो. त्याला कोणी फिजूलखर्ची म्हणत नाही, इज्जत म्हणतात. कर्ज काढून किंवा कामगाराचा पगार थकवून शौक करणे मात्र हरामखोरीच आहे. पोटाला चिमटा न घेता, देणी फेडून, आठवड्यातला अर्धा दिवस आणि महिन्याला ठरावीक रक्कम, एवढ्यात हा शौक बसतो. बसत नसेल तर करू नये.

जुम्म्याला आमच्या भागातली बरीच गॅरेजे बंद असतात. नमाज आणि जेवण उरकल्यावर आमचे उस्ताद तासभर पडतात आणि मग हत्यारांची पेटी घेऊन येतात. त्यांचे वय सत्तरीला टेकले आहे. इंजिनाच्या आवाजावरून कोणते नोझल टपकते हे ते आजही सांगतात, पण बारीक आटे आता दिसत नाहीत. त्यांनी आयुष्यभर जे केले त्याला आज गिऱ्हाईक नाही. नवी गाडी बिघडली की तिला संगणकाची वायर जोडतात, पडद्यावर क्रमांक येतो आणि तो सुटा भाग बदलतात. यात वाईट काही नाही, नव्या गाड्या धूर कमी सोडतात आणि भरवशाच्या आहेत. पण सुटा भाग बदलणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. उस्तादांचा नातू घरपोच पार्सले वाटण्याच्या कामावर आहे. त्याला दोष कसा द्यावा? ज्या विद्येला बाजार नाही ती शिकून त्याने खावे काय?

येथे शौकाचा उपयोग होतो. माझ्या गाडीला घाई नाही. ती उद्या खेपेवर जायची नाही, त्यामुळे तिच्यावर शिकता येते. दर जुम्म्याला दोन पोरे येतात. एक आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल शिकतो, दुसरा शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात आहे. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन गप्प होते. उस्तादांनी त्यांना ती काढायला शिकवले. फिल्टरवरचा स्क्रू आटाभर सैल करायचा, हाताचा पंप दाबत राहायचे, फेस येतो तोवर थांबायचे नाही, निखळ डिझेल वाहू लागले की स्क्रू आवळायचा. पाच मिनिटांचे काम आहे. पण आयटीआयच्या मुलाने ते वहीत चित्र काढून पाठ केलेले होते, हाताने केले नव्हते. इंजिनाने धक्का दिला आणि काळा धूर टाकून चालू झाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहण्यासाठी मी त्या महिन्याचा सारा खर्च पुन्हा करीन. उस्ताद मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अब बंद करके फिर से हवा भरो, और दूसरा लडका निकालेगा."

ज्यांना हा शौक करायचा आहे त्यांना माझा सल्ला असा की रंगाला हात शेवटी लावावा. आमच्या लोकांना आधी लांबी भरून चकचकीत रंग द्यायची हौस असते, आणि ब्रेकच्या सिलिंडरचे रबर कुजलेले तसेच राहते. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग डिझेलची व पाण्याची गळती, मग वायरिंग, आणि पत्रा-रंग सर्वांत शेवटी. दुसरे असे की इंजिन बदलू नये. नव्या गाडीचे इंजिन बसवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. गाडी चालेल, पण मग ती मेटाडोर राहणार नाही, आणि नोंदणी पुस्तकातल्या इंजिन क्रमांकाचा घोटाळा अंगावर येईल तो वेगळा. पुढच्या चाकांना फिरवणारे सांधे हे या गाडीचे नाजूक अंग आहे. ते आवाज करू लागले की लगेच पाहावेत, कारण नवे मिळणे कठीण आहे आणि जुने फार झिजले तर लेथवालाही हात टेकतो. आणि मजुरीत घासाघीस करू नये. माल खरेदी करताना करावी, तो आपला धंदा आहे. पण जो माणूस आपल्या शौकासाठी आपला सुटीचा दिवस देतो, त्याला सांगेल तेवढे हातावर ठेवावे.

कायद्याबद्दल आमच्या बाजारात फार गैरसमज आहेत. १५ वर्षे झाली की सरकार गाडी उचलून नेते असे छातीठोक सांगणारे रोज भेटतात. वास्तविक १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेले वाहने मोडीत काढण्याचे केंद्राचे धोरण खाजगी मालकांसाठी ऐच्छिक आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्या काढून टाकण्याची सक्ती झाली ती सरकारी वाहनांवर. दिल्ली परिसरातला जुन्या डिझेल गाड्यांचा वाद हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासूनचा आहे. तो तिकडचा आहे, सोलापूरचा नाही. आपल्याकडे मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिचे दरवर्षी पासिंग करावे लागते. त्यात ती उतरली तर रस्त्यावर चालते. मात्र १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढवली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे तो निराळा, आणि विमा तर हवाच. काही काळ गाडी रस्त्यावर आणायची नसेल तर तसे आरटीओला आगाऊ लेखी कळवून ठेवावे. कागद नसलेली गाडी कितीही प्रेमाची असली तरी फाटकाबाहेर काढू नये.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. जुन्या वाहनांचा मान राखण्यासाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. ५० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला क्रमांकात व्हीए अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षे चालते, नूतनीकरणाला ५ हजार. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसाठी ती रस्त्यावर काढता येते, धंदा करता येत नाही. नियम चांगला आहे. परंतु त्यात जागा आहे ती दुचाकींना आणि खाजगी प्रवासी मोटारींना. माल वाहणाऱ्या गाडीला त्यात स्थान नाही. म्हणजे मर्सिडीज २४० डी पन्नाशी ओलांडून मानाची विंटेज होणार, आणि तेच इंजिन पोटात घेऊन चाळीस वर्षे गाठी वाहणारी मेटाडोर पन्नाशीलाही भंगारच राहणार. १९६९ च्या सुमाराच्या पहिल्या मेटाडोर आज पन्नाशीच्या पुढे गेल्या आहेत. महिंद्रांची १९६५ ची एफसी-१५० ही पिकअप तर त्याहून जुनी. (ही कंपनी १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने निघाली होती हे आपल्या तरुणांना क्वचितच माहीत असते. तिचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.) या गाड्या राजेमहाराजांच्या नव्हत्या, म्हणून त्यांना इतिहास नाही काय?

सगळीकडे असे नाही. इंग्लंडमध्ये जुन्या मालगाड्या आणि बसगाड्यांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी १९६२ पासून निघते. दुधाच्या, कोळशाच्या, फर्निचर वाहणाऱ्या लॉऱ्या त्यात दिमाखाने चालतात आणि बाजूवर जुन्या दुकानांची नावे तशीच रंगवलेली असतात. अमेरिकेत बापाची शेतावरची पिकअप मुलाने दुरुस्त करणे ही सर्वसामान्य घरातली गोष्ट आहे. आपल्या देशातही हरियाणात तावडू येथे २०१३ पासून वाहनांचे मोठे संग्रहालय आहे. त्यात मोटारींबरोबर ट्रक आणि बसगाड्याही आहेत. अहिल्यानगरला लष्कराने रणगाड्यांचे संग्रहालय केले. रणगाडा जपण्याजोगा आहे, मग टेम्पो का नाही?

सोलापूरला तर हे पटवून द्यावे लागू नये. १८७७ साली उभी राहिलेली आपली जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली. तिच्यातला एखादा माग, चालता, नातवाला दाखवायचा म्हटले तर त्याला घेऊन कोठे जावे? उलट आपल्या यंत्रमागांच्या कारखान्यांत पाहा. तेथे बापाच्या काळचा माग जॉबर ठोकून-पिटून आजही चालवून दाखवतो आणि त्याच्यावर विणलेल्या चादरीला भौगोलिक मानांकनाचा शिक्का लागतो. जुन्या यंत्राला मान देणे हा आपल्या गावचा रोजचा धंदा आहे. फक्त ते यंत्र चाकांवर आले की आपण त्याला भंगार म्हणतो.

माझी सूचना अशी की व्यापारी आणि ट्रान्सपोर्ट संघटनांनी केंद्राच्या परिवहन मंत्रालयाला लिहून विंटेजच्या नियमात हलक्या मालवाहू गाड्यांचा समावेश मागावा. त्याला खर्च एका अर्जाचा आहे. आणि ज्यांच्या गोदामात अशी गाडी धूळ खात उभी आहे त्यांनी निदान एक जुम्मा एखाद्या उस्तादाला आणि दोन मुलांना तिच्यापाशी बसू द्यावे.

आमच्या गाडीचे काम सध्या हौद्यावर आले आहे. फळ्या सुताराने बसवल्या. मागचा फाळका अडकवणाऱ्या मूळच्या दोन कड्यांपैकी एक तुटली आहे. बाजारात मिळते ती पातळ पत्र्याची, भार आला की उघडते. पूर्वी त्या घडवून मिळत, आज दोन भट्ट्यांवर विचारले तर नाही म्हणाले. सोलापुरात, पंढरपुरात किंवा विजापूरकडे असे काम करणारा लोहार कोणाच्या माहितीत असल्यास या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. नमुन्यासाठी दुसरी कडी शाबूत आहे.